पुस्तक आणि रॅकेट

मुलांनो, खेळ आणि अभ्यास यांचे हाडवैर आहे, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. सायंकाळी मैदानावरून परतण्यास उशीर झाला, की घरातील वडील मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो अभ्यासाचा. त्यांची ही काळजी अगदीच अनाठायी असते असे नाही. दिवसाचे तास चोवीसच; त्यांतील जितके मैदानाला द्यावे, तितके पुस्तकाला उणे पडतात. ‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ ही म्हण त्यांच्या मनात घर करून बसलेली असते. परंतु विद्या आणि क्रीडा या खरोखरच परस्परांना न साहणाऱ्या दोन तलवारी आहेत काय? आणि एखाद्या मुलाने अथवा मुलीने टेनिससारखा खेळ हाच पुढे आपला व्यवसाय करावयाचे ठरविले, तर शिक्षणाचे काय करावे? या प्रश्नांचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

प्रथम खानदेशातीलच एक उदाहरण पाहू. जळगाव जिल्ह्यात नाडगाव नावाचे एक गाव आहे. त्या वेळी या जिल्ह्याला पूर्व खानदेश म्हणत. या गावी १९ डिसेंबर १९३४ रोजी प्रतिभाताई पाटील यांचा जन्म झाला. जळगावच्या आर. आर. विद्यालयात त्यांचे शालेय शिक्षण झाले. पुढे १९४५ साली स्थापन झालेल्या तेथील मूळजी जेठा महाविद्यालयात त्यांनी राज्यशास्त्र व अर्थशास्त्र हे विषय घेऊन एम. ए. ची पदवी मिळविली. त्या काळी मुलींनी महाविद्यालयात जाणे हीच मुळी अपूर्वाईची गोष्ट होती. मग हाती बॅट धरून स्पर्धेत उतरणे तर दूरच. परंतु प्रतिभाताई टेबल टेनिसमध्ये निष्णात होत्या आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत त्यांनी अनेक ढाली जिंकल्या. १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या विधानसभेवर निवडून आल्या. आणि आमदार झाल्यावरही त्यांनी कायद्याचा अभ्यास चालूच ठेवला. पुढे २५ जुलै २००७ रोजी भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून त्यांनी शपथ घेतली. ज्या हातांनी चेंडू टोलविला, त्याच हातांनी परीक्षेच्या उत्तरपत्रिका लिहिल्या, आणि एकामुळे दुसरे बिघडले नाही.

टेबल टेनिस हे लॉन टेनिसचे धाकटे भावंड होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हिरवळीवरचा टेनिस दिवाणखान्यातील मेजावर आला, तोच हा खेळ. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. प्रतिभाताईंनी खेळाला आपल्या चरितार्थाचे साधन केले नाही. विद्यार्थिदशेतील तो एक आनंदाचा आणि यशाचा विषय होता. ज्याला टेनिस हाच व्यवसाय करावयाचा आहे, त्याची वाट याहून पुष्कळ बिकट असते. ती कशी, हे आधी नीट समजून घेऊ.

नोकरी करणाऱ्याला महिन्याच्या महिन्याला वेतन मिळते. टेनिसपटूला असे वेतन नसते. जगात कोठे ना कोठे प्रत्येक आठवड्याला स्पर्धा चालू असतात. खेळाडू जितक्या फेऱ्या जिंकेल, तितके पारितोषिकाचे पैसे आणि तितके गुण त्याच्या पदरात पडतात. मागील बावन्न आठवड्यांत मिळविलेल्या गुणांवरून खेळाडूंची जागतिक क्रमवारी लावली जाते. वर्ष उलटले, की जुने गुण गळून पडतात आणि ते पुन्हा नव्याने मिळवावे लागतात. विंबल्डनसारख्या ज्या चार महास्पर्धा आहेत, त्यांत एकेरीच्या मुख्य फेरीत १२८ जागा असतात आणि त्यांपैकी १०४ जागा क्रमवारीवरून भरल्या जातात. साऱ्या जगातून हजारो मुले-मुली या मोजक्या जागांकडे डोळे लावून बसलेली असतात. क्रमवारीत बरेच खाली असलेल्या खेळाडूला प्रवासाचा, राहण्याचा आणि प्रशिक्षकाचा खर्च बहुधा स्वतःच सोसावा लागतो. पुष्कळदा पारितोषिकापेक्षा खर्चच अधिक होतो. त्यातून खांदा, कोपर किंवा गुडघा दुखावला, तर महिनेच्या महिने घरी बसावे लागते. आणि सारे सुरळीत झाले, तरी पस्तिशीच्या आसपास बहुतेक खेळाडूंना रॅकेट खाली ठेवावीच लागते.

जळगाव किंवा धुळे येथील मुलांपुढे याखेरीज आणखी काही अडचणी असतात. खानदेशचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेव्हा दुपारी मैदानावर उभे राहणेही शक्य नसते. सराव करावयाचा तो पहाटे, नाही तर दिवस कलल्यावर. मोठ्या स्पर्धा आणि मोठी क्रीडांगणेही दूर आहेत. पुण्याजवळ बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. महाराष्ट्र ओपन ही पुरुषांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा २०१८ पासून काही वर्षे तेथेच भरत असे. धुळ्याहून किंवा जळगावाहून तेथे पोहोचावयाचे, तर तीनशे ते चारशे किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. चार दिवसांची स्पर्धा असली, तरी जाण्यायेण्यासह शाळेचा एक आठवडा बुडतो. वर्षातून अशा दहा-बारा स्पर्धा खेळल्या, तर किती पाठ बुडतील, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

अशा वेळी मनात सहजच एक विचार येतो : मग शाळाच सोडून द्यावी आणि सारा वेळ खेळाला द्यावा! हा विचार करणाऱ्यांनी एका अमेरिकन मुलीची हकीकत अवश्य ऐकावी. तिचे नाव जेनिफर कॅप्रियाटी. चौदावे वर्ष पुरे होण्याआधीच, १९९० साली, ती व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ती अवघी सोळा वर्षांची होती. सारे जग तिचे कौतुक करीत होते. परंतु ते कौतुक, त्या अपेक्षा आणि तो अखंड प्रवास यांचे ओझे त्या कोवळ्या मनाला पेलवले नाही. पुढच्याच वर्षी ती खेळापासून दूर झाली आणि मोठ्या कष्टाच्या काळातून गेली. पुढे धीर धरून ती परतली आणि २००१ साली तिने ऑस्ट्रेलियन व फ्रेंच या दोन महास्पर्धा जिंकल्या, हे तिचे मोठेपण. पण तिच्यावर आणि तिच्यासारख्या इतर मुलींवर आलेल्या प्रसंगांतून टेनिसच्या धुरीणांनी धडा घेतला. १९९५ पासून महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांत वयाचा नवा नियम लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलीला या स्पर्धांत प्रवेश मिळत नाही आणि त्यापुढे अठरा वर्षांपर्यंत तिने वर्षाला किती स्पर्धा खेळाव्यात यावरही मर्यादा असते. बालपण हे घाईने उरकून टाकावयाचे काम नव्हे, हाच या नियमाचा अर्थ आहे.

तर मग दोन्ही गोष्टी एकदम कशा साधाव्यात? याचे उत्तर खानदेशच्या मातीतच सापडण्याजोगे आहे. जळगाव जिल्ह्यातील केळीच्या बागा तुम्ही पाहिल्या असतील किंवा त्यांच्याविषयी ऐकले असेल. केळीचे खोड वाढू लागले, की त्याच्या बुंध्याशी लहान लहान कोंब फुटतात. शेतकरी त्यांना पील म्हणतो. ही सारी पिले तशीच वाढू दिली, तर ती मुख्य झाडाचे अन्नपाणी वाटून घेतात आणि घड बारीक पडतो. म्हणून शेतकरी ती वेळोवेळी कापून टाकतो. परंतु तो सगळीच पिले कापीत नाही. योग्य वेळ येताच एक जोमदार पील तो राखून ठेवतो. पहिल्या झाडाचा घड उतरला, की ते झाड संपते. पण त्याच्या शेजारी राखलेले पील तोवर वर आलेले असते आणि दुसरे पीक देते. यालाच पिलबाग म्हणतात. जो शेतकरी पिले कापण्याचा कंटाळा करतो, त्याचे पहिले पीक हलके येते. आणि जो एकही पील राखीत नाही, त्याला पहिला घड उतरताच पुन्हा नवी लागवड करावी लागते.

खेळाडूच्या आयुष्यातही असेच असते. टेनिस हे पहिले पीक. ते जोमाने यावे असे वाटत असेल, तर निरर्थक भटकणे, तासन् तास पडद्याकडे पाहत बसणे, चार-पाच छंदांमागे एकाच वेळी धावणे ही पिले निष्ठुरपणे कापली पाहिजेत. परंतु शिक्षण हे राखावयाचे पील आहे. ते कापून टाकले, तर पस्तिसाव्या वर्षी, किंवा दुर्दैवाने विसाव्या वर्षीच गुडघा दुखावल्यावर, मोकळ्या शेतात उभे राहण्याची पाळी येते.

हे पील राखणाऱ्या खेळाडूंची उदाहरणे थोडी नाहीत. आपल्याच मराठी मुलखातील पंडिता क्षमाबाई राव यांचे घर पाहा. क्षमाबाई या वेदविद्येचे व्यासंगी शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. त्या स्वतः टेनिस खेळत आणि गांधीजींच्या सत्याग्रहावर त्यांनी ‘सत्याग्रहगीता’ हे काव्य संस्कृतात रचले. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विंबल्डनमध्ये पहिल्या फेरीचा सामना जिंकला. त्या स्पर्धेत सामना जिंकणारी ती पहिली भारतीय महिला होय. पुढे याच लीलाबाईंनी भारतीय नृत्यशास्त्रावर ग्रंथलेखन केले. त्या घरात रॅकेट आणि पोथी एकाच छपराखाली सुखाने नांदत होती.

अमेरिकेतील आर्थर अ‍ॅश यांची कथाही अशीच आहे. कृष्णवर्णीयांना अनेक क्रीडांगणांवर पाऊल टाकू दिले जात नसे, अशा काळात ते वाढले. त्यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत असतानाच टेनिस खेळून १९६६ साली पदवी घेतली. त्यानंतर १९६८ साली अमेरिकन आणि १९७५ साली विंबल्डन या अजिंक्यपदांवर त्यांनी नाव कोरले. १९७९ साली त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि पुढील वर्षी त्यांना खेळ सोडावा लागला. पहिले पीक संपले. पण पील राखलेले होते. कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूंचा तीन खंडांचा इतिहास त्यांनी लिहून काढला आणि तो १९८८ साली प्रसिद्ध झाला.

अलीकडचे उदाहरण महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिचे. लहान वयात टेनिसमध्ये चमकल्यावर ती अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली. शिक्षण घेत असतानाच ती विद्यापीठाच्या संघाकडून खेळली. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे चांगल्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात. परंतु तेथील नियम असा, की जो विद्यार्थी अभ्यासात ठरावीक पातळी राखीत नाही, त्याला संघात खेळता येत नाही. म्हणजे तेथे मैदानाची वाट वर्गातूनच जाते. शिक्षणात गेलेल्या या वर्षांमुळे ऋतुजाचा खेळ मागे पडला काय? तसे झाले नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धांत मिश्र दुहेरीचा अंतिम सामना झाला. रोहन बोपण्णा आणि ऋतुजा यांनी पहिला सेट २–६ असा गमावला. दुसरा सेट त्यांनी ६–३ असा जिंकला आणि निर्णायक सेटमध्ये १०–४ अशी बाजी मारून भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती.

आता कोणी म्हणेल, की अमेरिकेला जाणे सर्वांना कोठे शक्य आहे? हे म्हणणे खरे आहे. पण आपल्याकडेही काही सोयी आहेत, त्यांची माहिती करून घ्यावी. लॉन टेनिस हा शालेय क्रीडास्पर्धांतील खेळ आहे. जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्या चढत विद्यार्थ्याला शाळेच्या नावाने खेळता येते. ठरावीक स्तरापर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे क्रीडागुण मिळतात. राज्याच्या शासकीय सेवेत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. ज्यांना नित्य शाळेत जाणे अशक्यच होते, त्यांच्यासाठी १९८९ साली सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिच्या सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात, त्यामुळे स्पर्धांचे दिवस टाळून परीक्षेला बसता येते. पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे; त्याची स्थापनाही १९८९ सालचीच.

परंतु मुलांनो, सवलत आणि विद्या यांत गल्लत करू नका. क्रीडागुणांनी गुणपत्रिकेचा आकडा वाढेल. न वाचलेला धडा त्याने समजणार नाही. राखीव जागेसाठी अर्ज करता येईल. पण त्या पदाला लागणारे शिक्षण आपले आपणच घेतले पाहिजे. सवलत ही नदी ओलांडताना मिळालेला हात आहे. पाय मात्र आपलेच उचलावे लागतात.

समतोल याचा अर्थही नीट जाणून घेतला पाहिजे. दररोज निम्मा वेळ खेळाला आणि निम्मा वेळ अभ्यासाला, असे काटेकोर वाटे पाडणे म्हणजे समतोल नव्हे. शेतकरी पेरणीच्या दिवसांत लग्नकार्य काढीत नाही आणि कापणीच्या दिवसांत यात्रेला जात नाही. ज्या कामाची वेळ आली असेल, त्याला तो अग्रमान देतो. खेळाडू विद्यार्थ्यानेही असेच वागावे. स्पर्धेच्या आठवड्यात खेळाला प्राधान्य द्यावे; परत आल्यावर बुडालेले पाठ मागून घेऊन पुरे करावेत. परीक्षेच्या महिन्यात रॅकेट हाती घ्यावी, पण ती केवळ अंग मोकळे ठेवण्यापुरती. आगगाडीचा प्रवास हा वाया जाणारा वेळ नव्हे. ज्याच्या पिशवीत रॅकेटबरोबर पुस्तकही असते, त्याचे चारशे किलोमीटर फुकट जात नाहीत. आणि वर्षाच्या आरंभीच स्पर्धांच्या तारखा गुरुजींना व बाईंना सांगून ठेवल्या, तर कोणता पाठ केव्हा भरून काढावयाचा हे त्यांच्याशी बोलून ठरविता येते. न सांगता गैरहजर राहणाऱ्याला मदत करणे शिक्षकांना कठीण जाते.

यातही एक सत्य लपवून उपयोग नाही. दोन्ही वाटा चालणाऱ्याला काही सुखे सोडावीच लागतात. सोबती सुटीत मामाच्या गावी आंबे खात असतात, तेव्हा त्याला सरावासाठी मागे राहावे लागते. सारे झोपलेले असतात, तेव्हा त्याला उठावे लागते. घरातील पैशाचा आणि आईवडिलांच्या श्रमाचा मोठा भागही त्याच्या खेळापायी खर्च होत असतो. म्हणून हा निर्णय एकट्याने हट्टाने घेऊ नये, तसाच तो मुलावर लादूही नये. मूल, आईवडील, शिक्षक आणि प्रशिक्षक यांनी एकत्र बसून, खर्चाचा, प्रकृतीचा आणि आवडीचा खरा हिशेब मांडून तो घ्यावा, आणि वर्षातून एकदा तो हिशेब पुन्हा तपासावा. एखाद्या वर्षी खेळ थोडा मागे ठेवावा लागला, तर त्यात अपमान नाही. आणि एखाद्या परीक्षेत दोन गुण कमी मिळाले, तर त्यात सर्वनाशही नाही.

टेनिसच्या मैदानात मधोमध एक जाळी असते. ती दोन बाजू अलग करते, पण तिच्यावाचून खेळच होत नाही. चेंडू कधी या बाजूला, तर कधी त्या बाजूला जातो. खेळाडूचे काम एवढेच, की तो आपल्याकडे आला असता चुकवू नये. पुस्तकाची वेळ आली तेव्हा पुस्तक आणि मैदानाची वेळ आली तेव्हा मैदान, दोन्हींना ज्याने मनापासून उत्तर दिले, त्याला पुढे कोणत्याही एकासाठी पश्चात्ताप करावा लागत नाही.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) व्यावसायिक टेनिसपटूची मिळकत नोकरदाराच्या मिळकतीहून कशी वेगळी असते?
(आ) महिलांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये वयाचा नियम का करावा लागला?
(इ) आर्थर अ‍ॅश यांचे ‘दुसरे पीक’ कोणते?

२. पिलबाग म्हणजे काय ते सांगून लेखकाने तिची तुलना खेळाडूच्या आयुष्याशी कशी केली आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. ‘सवलत आणि विद्या यांत गल्लत करू नका’ या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : डोळे लावून बसणे, पदरात पडणे, नाव कोरणे, बाजी मारणे.

५. तुमच्या आवडीच्या एखाद्या खेळासाठी आठवड्यातील किती तास देता येतील, याचे वेळापत्रक तयार करा. त्यासाठी कोणती ‘पिले’ कापावी लागतील, तेही लिहा.